नगरपरिषदेची सेवा ऑनलाइन करताना : आधी दप्तर, मग पोर्टल

छोट्या नगरपरिषदेत एखादी सेवा ऑनलाइन करायची ठरली की काम बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी कंपनीचे सादरीकरण होते, मग ॲप येते, मग उद्घाटन होते. आणि नंतर लक्षात येते की संगणकातला मिळकत क्रमांक घरावरच्या पाटीशी जुळत नाही, मालकाचे नाव जुन्या फॉन्टमध्ये अडकले आहे आणि ऑनलाइन आलेला अर्ज प्रिंट काढून जुन्याच फायलीत लागतो आहे. लोकांच्या फेऱ्या कमी होत नाहीत. पूर्वी एक रांग होती, आता दोन होतात.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमाबद्दल आहे. वाई, रहिमतपूर, म्हसवड, आष्टा, तासगाव, विटा या आकाराच्या नगरपरिषदा किंवा मेढा, वडूज, दहिवडी, कडेगाव, शिराळा यांसारख्या नगरपंचायती डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. संगणक जाणणारा माणूस एखादाच, वसुलीचा ताण मोठा आणि कर्मचारी मोजके, अशा कार्यालयासाठी. उदाहरण म्हणून एकच सेवा शेवटपर्यंत घेतली आहे : मालमत्ता हस्तांतरणाची नोंद, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते ‘घरपट्टीला नाव लावणे’.

टप्पा १ : एकच सेवा निवडा, तीही आवक नोंदवही पाहून

‘सगळ्या सेवा एका क्लिकवर’ ही घोषणा बाजूला ठेवा. मागच्या तीन महिन्यांची आवक नोंदवही घ्या आणि कोणत्या कामासाठी किती अर्ज आले ते विषयवार मोजा. संख्येबरोबर एक गोष्ट आणखी लिहा : त्या कामासाठी माणसाला साधारण किती वेळा यावे लागते. ज्या सेवेत अर्ज बऱ्यापैकी आहेत आणि फेऱ्या जास्त आहेत, ती पहिली घ्या.

घरपट्टीला नाव लावणे या कसोटीवर आमच्या सातारा-सांगली भागात हमखास वर येते. खानापूर, आटपाडी, विट्याकडची कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी परराज्यांत आहेत. जावळी, पाटणची माणसे मुंबईत माथाडी म्हणून राबतात. वडील गेल्यावर घराला नाव लावायचे तर ती यात्रेला किंवा दिवाळीला आल्यावरच जमते. त्या चार दिवसांत संबंधित लिपिक रजेवर असला की काम पुढच्या वर्षावर जाते. या माणसांसाठी ऑनलाइन सेवेचा अर्थ बुडणारी मजुरी आणि रेल्वेचे भाडे वाचणे असा आहे.

निवड पक्की करण्यापूर्वी पाहा की ती सेवा दुसरीकडे आधीच ऑनलाइन आहे का. जन्म-मृत्यूची नोंद आणि दाखले केंद्राच्या सीआरएस (नागरी नोंदणी) पोर्टलवर होतात. बांधकाम परवानगीसाठी राज्याची ऑनलाइन प्रणाली आहे. लोकसेवा हक्क कायद्याखालच्या अनेक सेवा ‘आपले सरकार’वर अधिसूचित आहेत. अशा सेवेसाठी वेगळे पोर्टल बांधणे म्हणजे दोन ठिकाणी नोंदी आणि पुढे दोन वेगळे दाखले. तिथे तुमचे काम एवढेच : आपल्या संकेतस्थळावर योग्य दुवा देणे आणि आतले काम वेळेत करणे.

सावधान : जानेवारी ते मार्च या काळात हे काम हाती घेऊ नका. वसुलीच्या धामधुमीत दप्तर तपासायला कोणालाही वेळ मिळत नाही. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर दिवाळीपर्यंत सेवा लोकांसमोर नीट आणता येते.

टप्पा २ : कागद कुठे थांबतो ते शोधा

नुकत्याच निकाली निघालेल्या वीस फायली काढा. प्रत्येक फाइल कोणत्या टेबलावर कधी आली आणि कधी पुढे गेली, त्या तारखा एका तक्त्यात लिहा. टिपणीवरच्या सह्यांखाली तारखा असतातच. हा तक्ता पूर्ण झाला की दिसते की प्रत्यक्ष काम थोड्या तासांचे असते आणि बाकीचे दिवस फाइल कोणाच्या तरी कपाटात असते. पोर्टलने कपाटातली फाइल पुढे सरकत नाही. त्यासाठी टेबले कमी करावी लागतात.

मग कागदपत्रांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक कागदापुढे तीन प्रश्न विचारा. हा कागद नियमात आहे की सवयीने मागतो? यातली माहिती आपल्याच दप्तरात आहे का? नसेल तर दुसऱ्या शासकीय संकेतस्थळावर आपल्याला ती पाहता येईल का?

घरपट्टीची चालू पावती अर्जदाराकडे मागण्याचे कारण नाही, ती आपणच दिलेली असते. खरेदीखत झाले असेल तर दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, ताडून पाहता येते. साक्षांकनासाठी लोकांना राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभे करू नका. स्वयंसाक्षांकित प्रती आणि स्वयंघोषणापत्रे स्वीकारण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्येच घेतला आहे.

काही कागद मात्र कमी करता येत नाहीत. वारसांपैकी कोणी हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साध्या संमतीपत्रावर बहिणीचे नाव गाळले, तर पुढे होणारा वाद तिला आयुष्यभर पुरतो. वारसांच्या यादीत मुलींबद्दल, विवाहित मुलींबद्दलसुद्धा, वेगळा प्रश्न ठेवा आणि तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ देऊ नका. खिडकीवरचा जुना लिपिक घराणे ओळखत असतो, ‘अहो, तुम्हाला दोन बहिणी आहेत ना?’ असे तो सहज विचारतो. पोर्टल तसे विचारणार नाही, जोवर तो प्रश्न तुम्ही त्यात घालत नाही.

पडताळणी : या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे एका पानाचा तक्ता हवा. त्यात टेबले किती, प्रत्येकाला दिवस किती, कागद कोणते आणि हरकतीची मुदत किती, एवढेच असावे. हे एका पानात बसत नसेल तर प्रक्रिया अजून सोपी झालेली नाही.

टप्पा ३ : दप्तर खरे करा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. हा टप्पा कोणाला दिसत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही आणि म्हणूनच तो गाळला जातो. पण ऑनलाइन सेवा चुकते ती इथेच.

*फॉन्ट.* अनेक कार्यालयांत मागच्या पंधरा-वीस वर्षांची मराठी नोंद श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. पडद्यावर ती मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची गिचमीड असते, त्यामुळे शोध लागत नाही. ही सगळी माहिती युनिकोडमध्ये आणावी लागेल. रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांवर डोळे झाकून विश्वास टाकू नका. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे इथे गडबड होते. ‘कुर्लेकर’, ‘सूर्यवंशी’, ‘क्षीरसागर’, ‘म्हेत्रे’, ‘कुऱ्हाडे’ अशी आडनावे वेगळी काढून हाताने तपासा.

*मिळकत क्रमांक.* चतुर्थ वार्षिक फेरआकारणीत क्रमांक बदलले असतील तर जुना आणि नवा क्रमांक एकाच ओळीत, दोन वेगळ्या रकान्यांत हवा. लोकांकडच्या जुन्या पावत्यांवर जुना क्रमांकच असतो आणि ते तोच टाकून शोधणार. ज्या भागाचे नगर भूमापन झाले आहे तिथे सिटी सर्व्हे क्रमांकाचा रकानाही ठेवा.

*नावे.* एका रकान्यात पूर्ण नाव कोंबलेले असते : ‘कै. अमुक व इतर ३’. हे फोडा. आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव यांना स्वतंत्र रकाने द्या. मालक वेगळा, भोगवटादार वेगळा. इंग्रजी नावासाठीही एक रकाना ठेवा, कारण आधार आणि पॅनवरचे स्पेलिंग त्याच्याशी ताडावे लागते. ‘व इतर’ मधले इतर कोण, ते जुन्या फेरफार फायलीत सापडते. ते आता शोधले नाही तर पुढे त्यांच्यापैकी एखाद्याला कळवायचे राहून जाईल.

*मोबाइल क्रमांक.* हा सगळ्यांत धोकादायक रकाना. ओटीपी ज्याच्या फोनवर जातो, त्याच्या हातात मिळकतीची किल्ली जाते. घरपट्टीची बिले वाटताना क्रमांक गोळा करा, त्याच वेळी त्या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन खात्री करा, आणि तो कोणाचा आहे (मालक, मुलगा, भाडेकरू) तेही लिहा. एकच क्रमांक पाचपेक्षा जास्त मिळकतींना लागला असेल तर तो बहुधा सेवा केंद्रचालकाचा, वसुली लिपिकाचा किंवा एखाद्या कार्यकर्त्याचा असतो. असे सगळे क्रमांक काढून टाका. रिकामा रकाना चालेल, चुकीचा चालणार नाही.

*वादातल्या मिळकती.* न्यायालयाचा मनाई आदेश, बँकेचा बोजा, वारसांमधली हरकत हे सगळे आज लिपिकाच्या लक्षात असते किंवा फायलीला लावलेल्या चिठ्ठीवर असते. संगणकात यासाठी खूण नसेल तर पहिल्याच महिन्यात मनाई असलेल्या मिळकतीचे नाव बदलले जाईल. हा रकाना सक्तीचा करा.

कामाची पद्धत अशी ठेवा. एक प्रभाग घ्या. यादी छापा, वसुली लिपिक आणि गल्ली ओळखणारा शिपाई यांना बरोबर द्या, आणि दारोदारी लाल पेनाने दुरुस्ती करून आणा. बाहेरच्या मुलांकडून सर्वेक्षण करून घेतले तरी सोबत आपला माणूस हवाच. ‘पाटलांचा जुना वाडा, आता तिथे तीन बिऱ्हाडं आहेत’ हे त्यालाच माहीत असते. एका प्रभागाची दुरुस्ती संगणकात चढली की मगच दुसरा घ्या.

पडताळणी : कागदी नोंदवहीतून कोणत्याही पन्नास मिळकती निवडा आणि संगणकात शोधा. मग संगणकातून दुसऱ्या पन्नास निवडा आणि जागेवर जाऊन पाहा. दोन्ही दिशांनी तपासणे आवश्यक आहे. एकाच दिशेने तपासले तर नोंदच नसलेली घरे किंवा अस्तित्वात नसलेल्या मिळकती दिसत नाहीत. शंभरात पाचापेक्षा जास्त चुका निघाल्या तर त्या प्रभागाची सेवा सुरू करू नका.

दुरुस्ती संपली की एक तारीख ठरवा आणि लेखी आदेश काढा : या तारखेनंतर कागदी आकारणी वहीत स्वतंत्र बदल करायचा नाही. बदल आधी संगणकात, आणि वहीत चिकटवायचा तो संगणकातला उतारा. ही तारीख पाळली नाही तर सहा महिन्यांत पुन्हा दोन दप्तरे तयार होतात.

टप्पा ४ : जबाबदारी लेखी करा

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेसाठी मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी ठरलेले असतात. अर्जाला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर अर्जदाराला ३० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. हे सगळे पोर्टलच्या रचनेतच बसवा : मुदतीचे घड्याळ अर्ज मिळताच सुरू व्हावे, आणि नकाराच्या पत्रावर अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम व मुदत आपोआप छापली जावी.

शुल्क आकारायचे असेल तर त्याचा ठराव सभेत आधी मंजूर करून घ्या. पर्यायी अधिकारी कोण, हेही त्याच आदेशात लिहा. छोट्या कार्यालयात बदली, निवडणुकीचे काम किंवा प्रशिक्षण यांमुळे एक माणूस गेला की सेवा बंद पडते.

सावधान : लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरी ज्याची त्याने वापरायची. साहेबांची डीएससी (डिजिटल स्वाक्षरीची किल्ली) लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, ही पद्धत आजच बंद करा. उद्या खोटी नोंद झाली तर सही ज्याची, जबाबदारी त्याची.

टप्पा ५ : आता खरेदी

राज्याकडून किंवा नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडून मिळालेल्या प्रणालीत तुमची सेवा बसते का, ते आधी जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांकडे विचारा. बसत असेल तर वेगळी खरेदी करू नका. बसत नसेल आणि बाहेरून घ्यावे लागत असेल, तर करारात या अटी नसतील तोवर सही करू नका :

- माहितीची मालकी नगरपरिषदेची. मागाल तेव्हा सगळी माहिती, जोडलेल्या कागदपत्रांसह, सीएसव्हीसारख्या (कोणत्याही प्रणालीत उघडणाऱ्या साध्या तक्त्याच्या) खुल्या स्वरूपात मोफत मिळाली पाहिजे.
- सर्व मराठी युनिकोडमध्ये. मराठी नावाने शोध लागला पाहिजे आणि ‘शिंदे’ टाकल्यावर ‘शिन्दे’ही दिसला पाहिजे.
- सुरू करण्यापूर्वी सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी, आणि निघालेल्या त्रुटी कंपनीने स्वखर्चाने दूर करणे.
- करार संपल्यावर नव्या कंपनीकडे माहिती सोपवण्याची पद्धत आणि मुदत.
- देयक टप्प्याटप्प्याने. माहिती स्थलांतरित होऊन वर सांगितलेली पन्नास-पन्नासची तपासणी पार पडल्याशिवाय दुसरा हप्ता नाही.

यांतली पहिली अट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. मग दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलायची वेळ आली की आपल्याच गावची घरपट्टीची माहिती आपल्याला मिळत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून टंकलेखन सुरू होते. गावाचा पैसा असा दोनदा जाऊ देऊ नका.

वेगळे मोबाइल ॲप मागू नका. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी कोणी ॲप ठेवत नाही. मोबाइलवर नीट उघडणारे संकेतस्थळ पुरेसे आहे, आणि ते शासकीय डोमेनवर असले पाहिजे, म्हणजे खोट्या संकेतस्थळापासून लोकांना खरे ओळखता येते.

टप्पा ६ : अर्ज माणसाला भरता येईल असा करा

कागदी नमुना जसाच्या तसा पडद्यावर चढवू नका. मिळकत क्रमांक टाकल्यावर पत्ता, सध्याचे नाव आणि थकबाकी आपोआप दिसली पाहिजे. अर्जदाराने फक्त नवी माहिती भरायची.

भाषा खिडकीवर बोलतो तशी ठेवा. ‘हस्तांतरणाचा प्रकार निवडा’ याऐवजी ‘नाव कशामुळे बदलायचे आहे?’ असे विचारा आणि पर्याय द्या : वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने, वाटणीपत्राने, मृत्युपत्राने. निवडलेल्या पर्यायाला लागणारे कागदच पुढे दिसावेत. सगळ्यांना सगळी यादी दाखवली की लोक घाबरून सेवा केंद्राकडे वळतात.

अर्जदाराचा पत्ता महाराष्ट्राबाहेरचा असू शकतो, म्हणून राज्य आणि पिनकोड मोकळे ठेवा. मोबाइलने काढलेला फोटो स्वीकारा आणि त्याचा आकार प्रणालीनेच लहान करावा. ‘फाइल २०० केबीपेक्षा मोठी आहे’ असे सांगून माणसाला परत पाठवू नका. अर्धवट अर्ज जतन व्हायला हवा. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात नेटवर्क गेले तर पहिल्यापासून भरायला लावणे अन्याय आहे.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत गाळू नका : अर्ज दाखल होताच सध्या नाव असलेल्या व्यक्तीला आणि अर्जात लिहिलेल्या प्रत्येक वारसाला एसएमएस गेला पाहिजे. ‘मिळकत क्रमांक अमुक, नाव बदलण्याचा अर्ज आला आहे. हरकत असल्यास या तारखेपर्यंत कळवा.’ मोबाइल नसलेल्यांना टपालाने नोटीस. गावातला भाऊ आणि मुंबईतला भाऊ यांच्यातले निम्मे वाद एकाला न कळता दुसऱ्याने नाव लावल्यामुळे होतात. हरकतीची मुदत संपण्याआधी मंजुरीचे बटण चालूच होऊ नये.

दिल्या जाणाऱ्या उताऱ्यावर स्पष्ट छापा की ही नोंद कर आकारणीसाठी आहे, मालकी हक्काचा पुरावा नाही. क्यूआर कोड द्या, म्हणजे बँकेला उतारा खरा आहे का ते तपासता येईल.

पडताळणी : साठीतल्या आजी, दुकानदार, कॉलेजची मुलगी, सेवा केंद्रचालक, शेतमजूर अशा सात-आठ जणांना त्यांच्याच मोबाइलवर अर्ज भरायला द्या. शेजारी बसा, पण सांगू नका. ते जिथे अडतात तिथला शब्द बदला.

टप्पा ७ : पैशांचा ताळा

ऑनलाइन शुल्क आणि घरपट्टी सुरू झाली की ‘खात्यातून पैसे गेले, पावती आली नाही’ ही तक्रार येणारच. त्यासाठी रोज सकाळी तीन याद्या एकमेकींशी ताडायच्या : पोर्टलवरच्या पावत्या, पेमेंट गेटवेचा हिशेब आणि बँकेचे विवरण. हे काम रोखपालाचे, संगणक अभियंत्याचे नव्हे. फरक त्याच दिवशी मिटवा, कारण आठवड्याने तो सापडत नाही.

दोनदा कापलेले पैसे परत कोण आणि किती दिवसांत देणार, ते आधी ठरवा आणि संकेतस्थळावर लिहा. गेटवेचे शुल्क नागरिकावर पडणार असेल तर ते पैसे भरण्याआधी दिसले पाहिजे.

खिडकीवरची रोख वसुलीही त्याच प्रणालीत, त्याच क्षणी नोंदवा. पावती पुस्तक फक्त वीज किंवा नेट नसताना वापरायचे, त्याचे क्रमांक रजिस्टरला नोंदवून, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या पावत्या प्रणालीत चढवायच्या.

सावधान : थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ३१ मार्चच्या रात्री भरलेले पैसे खात्यात १ किंवा २ एप्रिलला जमा होतात. प्रणालीने नागरिकाने भरल्याची तारीख धरावी. जमा होण्याची तारीख धरली तर वेळेत भरणाऱ्यांनाही शास्ती लागेल आणि त्यांचा विश्वास कायमचा जाईल.

टप्पा ८ : एका प्रभागात चालवा, मग कागद थांबवा

ज्या प्रभागाचे दप्तर सर्वांत स्वच्छ आहे तिथे आधी सुरू करा. प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर देऊ नका. प्रत्येक लिपिकाने स्वतःच्या टेबलावरच्या खऱ्या पाच फायली प्रणालीत शेवटपर्यंत न्याव्यात. हात बसतो तो तेव्हाच. ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना यात पुढे ठेवा. टंकलेखन हळू असेल, पण कोणत्या अर्जात काय दडलेले असते हे त्यांना कळते आणि नव्या मुलांना ते शिकवता येते.

कागद आणि पोर्टल दोन्ही चालवण्याचा काळ सहा आठवड्यांपेक्षा जास्त नको. त्यानंतर आतला कागद बंद. सर्वांत पसरलेला रोग हा की ऑनलाइन अर्जाची प्रिंट काढायची, तिला टिपणी जोडायची, पाच सह्या घ्यायच्या आणि शेवटी संगणकात ‘मंजूर’ दाबायचे. असे झाले तर पोर्टलवरच्या तारखा खोट्या ठरतात आणि काम दुप्पट होते. मुख्याधिकाऱ्यांनी प्रिंटवर सही करायला नकार दिला, तरच ही सवय मोडते.

खिडकी मात्र बंद करायची नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांचा अर्ज खिडकीवरचा कर्मचारी त्याच पोर्टलवर भरून देईल आणि पोच छापून हातात देईल. आत जाणारा रस्ता एकच. सेवा केंद्रांतून अर्ज येणार असतील तर शासनमान्य दराचा फलक तिथे लावायला लावा.

कर्मचाऱ्याच्या खासगी व्हॉट्सॲपवर आधार आणि मृत्यू दाखले मागवू नका. सोयीचे वाटते, पण ती कागदपत्रे त्या फोनवर कायमची राहतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आल्यावर हे निष्काळजीपण कार्यालयाला महागात पडू शकते.

टप्पा ९ : पूर, वीज आणि बॅकअप

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर पाहिलेल्या जिल्ह्यांत तळमजल्यावरचा सर्व्हर ही कल्पनाच सोडून द्या. माहितीच्या तीन प्रती ठेवा : एक चालू प्रणालीत, एक कार्यालयात वरच्या मजल्यावर, एक गावाबाहेर. सर्व्हर क्लाउडवर असला तरी आपली स्वतंत्र प्रत हवीच. कंपनी घेते ती प्रत तिच्या सोयीची असते.

दर तिमाहीला ती प्रत प्रत्यक्ष उघडून दहा मिळकती शोधून पाहा. न उघडलेला बॅकअप आहे असे धरून चालू नका.

माहिती चोरीला गेली किंवा प्रणाली कोणी बंद पाडली, तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इनला ६ तासांत कळवावे लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कोणी कळवायचे, त्याचे नाव आणि फोन क्रमांक मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर लिहून ठेवा. तसेच पुरासारख्या काळात वापरायचा एक पानाचा कागदी अर्ज आधीच छापून ठेवा. पूर ओसरल्यावर नुकसानभरपाईसाठी लोकांना घराचा उतारा त्याच आठवड्यात लागतो.

टप्पा १० : दर सोमवारी चार आकडे

सुरू झाल्यावर पहिले सहा महिने दर सोमवारी मुख्याधिकाऱ्यांनी चारच आकडे पाहावेत : आलेले अर्ज, मुदतीत निकाली निघालेले, नाकारलेले व त्यांची कारणे, आणि अर्धवट सोडलेले अर्ज. सरासरी दिवस पाहून फसू नका. सगळ्यांत जुना प्रलंबित अर्ज कोणता आणि तो कोणाकडे आहे, हे विचारा.

नकाराचे एकच कारण वारंवार दिसत असेल, उदाहरणार्थ ‘मृत्यू दाखला अस्पष्ट’, तर दोष अर्जदाराचा नाही. फोटो कसा काढावा, याची सूचना अर्जात त्याच जागी द्या. अर्धवट सोडलेल्या अर्जांत लोक कोणत्या रकान्यावर थांबतात ते कंपनीकडून काढून घ्या आणि तो रकाना बदला.

दुसरी सेवा कधी घ्यायची? सलग तीन महिने दहापैकी नऊ अर्ज मुदतीत निघाले, रोजचा ताळा जुळत राहिला आणि आतल्या कोणत्याही टेबलावर प्रिंट फिरत नसेल, तेव्हा. घरपट्टीला नाव लावल्यानंतर पुढची सोपी पायरी म्हणजे नळजोडणीवरचे नाव बदलणे. दप्तर तेच, वारस तेच आणि हरकतीची नोटीसही एकच पुरते, त्यामुळे एकाच अर्जात दोन्ही नावे बदलण्याची सोय देता येते. त्यासाठी पाणीपट्टीच्या ग्राहक क्रमांकापुढे मिळकत क्रमांक लिहिण्याचे काम आत्ताच, पहिल्या प्रभागाची यादी दारोदारी नेताना, त्याच लाल पेनाने करून घ्या.